आयर्न मारताना नजर नेमकी कुठे? बॉलच्या मागे, वर, की पुढच्या मातीवर?

सुरूबन

गोल्फ शिकायला लागलं की पहिलं वाक्य कानावर पडतं ते "बॉलवर नजर ठेव, मान वर करू नको." ड्रायव्हरला (लांब फटक्याच्या क्लबला, म्हणजे काठीला) ते एक वेळ चालून जातं, कारण बॉल टीवर (छोट्या खुंटीवर) उंच असतो. आयर्नला (धातूच्या चपट्या डोक्याच्या क्लबला) बॉल जमिनीला टेकलेला असतो. क्लब खाली उतरत असतानाच तो बॉलला लागायला हवा आणि माती त्यानंतर. मग बॉलवर म्हणजे बॉलच्या कुठल्या भागावर? आणि कधीपर्यंत?

बोलायला सोपं जावं म्हणून बॉलवर घड्याळ काढू. खेळाडू उजव्या हाताचा, वरून खाली बघतोय. पायाकडची बाजू ६, पलीकडची १२, लक्ष्याकडची म्हणजे डावीकडची ९ आणि मागची ३. डावखुऱ्यांनी उलटं करून घ्यावं.

मतं तीन दिसतात: ३ वर बघा, बॉलच्या माथ्यावर बघा, किंवा ९ च्या पुढच्या गवतावर बघा. जाणकारांनी कारणासकट लिहावं. शिवाय रत्नागिरी-सिंधुदुर्गात सरावाला कापलेलं गवत सहज मिळत नाही. पुळण (समुद्रकाठची वाळू), मळा किंवा अंगणातली मॅट एवढंच हाताशी असतं, तेही धरून सांगा.

सात नंबर

आधी नजरेकडून काय काम करून घ्यायचं ते ठरवू, जागा आपोआप ठरेल.

डाउनस्विंग (क्लब वरून बॉलपर्यंत खाली येणं) साधारण पाव सेकंदात संपतो. डोळ्यांनी काही पाहून हातांनी त्यावर हालचाल करायला सुमारे एक पंचमांश सेकंद लागतो. म्हणजे क्लब खाली यायला लागल्यावर "अरे, मागे लागतोय" हे दिसलं तरी दुरुस्तीला वेळ नाही. क्लब आणि बॉल एकमेकांना चिकटलेले असतात ते सेकंदाचा जेमतेम दोनहजारावा भाग. तो क्षण कुणालाही दिसत नाही. त्यामुळे बॉल लागताना बघण्याचा आटापिटा व्यर्थ आहे.

नजरेची खरी कामं दोन. स्विंग सुरू होण्याआधी शरीराला जमीन कुठे आहे आणि कमानीचा तळ कुठे हवाय ते सांगणं, आणि स्विंग चालू असताना डोकं जागेवर धरून ठेवायला मदत करणं.

आता तळाविषयी. क्लब एका कमानीत फिरतो आणि त्या कमानीचा सर्वांत खालचा बिंदू चांगल्या खेळाडूंचा बॉलच्या पुढे, लक्ष्याच्या बाजूला ८ ते १० सेंमीवर असतो. व्यावसायिक पुरुष खेळाडूंचा ७ नंबरचा आयर्न बॉलला लागताना सुमारे ४ अंश खाली उतरत असतो. डिव्हॉट (क्लबने उडवलेल्या मातीचा खड्डा) बॉलच्या पुढच्या कडेपासून सुरू होतो तो यामुळेच. नवशिक्यांचा तळ बॉलच्या मागे किंवा बरोबर खाली पडतो. मग एक फटका फॅट (आधी माती) आणि त्याच्या भीतीने दुसरा थिन (क्लबची कड बॉलच्या मध्याजवळ).

फरक किती बारीक आहे बघा. बॉलचा व्यास नियमाने किमान ४२.६७ मिमी, म्हणजे त्याचा मध्य जमिनीपासून साधारण २१ मिमीवर. क्लबची खालची कड त्या रेषेवर गेली की टॉप (बॉलच्या वरच्या अर्ध्या भागावर फटका) झालाच. दोन सेंमी डोकं उचललं की फटका बिघडायला तेवढं पुरतं.

म्हणून माझं मत ९ वर. बॉलची पुढची कड, किंवा तिच्यापुढे एक-दोन बोटांवरचं गवताचं एखादं पातं. तिथे नजर असली की छाती आणि वजन डाव्या पायावर जायला तयार राहतं आणि तळ पुढे सरकतो. ३ वर बघणाऱ्याचं डोकं उजवीकडे झुकून राहतं आणि क्लब मागेच मातीत शिरतो.

क्रम असा ठेवा. बॉलच्या मागे उभं राहून लक्ष्याकडे दोन-तीन सेकंद बघायचं. त्याच रेषेत बॉलच्या पुढे दोन-तीन फुटांवर एखादी खूण पकडायची, वाळलेलं पान, जुना डिव्हॉट, काहीही. जॅक निक्लॉस कायम असंच करत. आयर्नला आपले डोळे बॉलच्या बरोबर वर नसतात, आतल्या बाजूला असतात, त्यामुळे दूरची रेषा तिरकी भासते. जवळची खूण फसवत नाही. क्लबचा चेहरा (बॉलला लागणारी सपाट बाजू) त्या खुणेला लावायचा, मग पाय लावायचे. लक्ष्याकडे एकदा, फार तर दोनदा बघायचं. नजर ९ वर आणायची आणि दोन-तीन सेकंदांत निघायचं. त्याहून जास्त रेंगाळलं की हात आवळतात, आणि नजर पोहोचण्याआधीच निघालं तर वरचा सगळा खटाटोप वाया.

मतलई

सात नंबर, तळाचं गणित पटलं. पण ९ हा सगळ्यांसाठीचा उपाय नाही.

ज्यांचा खांदा डाउनस्विंगमध्ये आधी पुढे उघडतो, क्लब बाहेरून आत येतो आणि बॉल डावीकडे निघून उजवीकडे वळतो, त्यांना बॉलच्या पुढे बघायला सांगितलं तर छाती अजून पुढे पडते. क्लब कुदळीसारखा उभा उतरतो. डिव्हॉट खोल आणि लक्ष्याच्या डावीकडे तोंड केलेला दिसतो, बॉल कमी जातो आणि वर मनगटाला झटका. अशांना ४ वर बघायला सांगा, म्हणजे मागची पण आतली बाजू. क्लब आतून यायला लागतो आणि डिव्हॉटचं तोंड सरळ होतं.

शँकवाल्यांचीही नजर तपासायला हवी. बॉल हील-होझलला (क्लबच्या डोक्याच्या दांड्याकडच्या भागाला) लागतो तेव्हा बऱ्याचदा वजन पायाच्या बोटांवर गेलेलं असतं आणि डोकं बॉलकडे सरकलेलं असतं. नजर १२ कडे, बॉलच्या पलीकडच्या कडेवर ठरली असेल तर त्यात भरच पडते. बॉलच्या पलीकडे दोन बोटं जागा सोडून सुपारीची एखादी विरी (झावळीचा रुंद देठ) आडवी ठेवा आणि तिला न लावता मारा. नजर ५-६ वर. क्लब आपोआप आत राहतो.

सात नंबर

मान्य. मग नियम असा करू: आधी डिव्हॉट बघा, जागा त्यावरून ठरवा. डिव्हॉट बॉलच्या मागे सुरू होतोय किंवा डिव्हॉटच नाही आणि बॉल थिन जातोय, तर ९. डिव्हॉट पुढे आहे पण खोल आणि डावीकडे वळलेला, तर ४. डिव्हॉट पुढे, उथळ आणि सरळ असेल तर नजरेला हात लावू नका, जिथे आहे तिथेच राहू द्या.

आणि एका सत्रात एकच जागा. दर फटक्याला जागा बदलली तर कशामुळे काय झालं ते कळत नाही. निदान २० फटके एका जागेवर मारून मगच निर्णय घ्यावा.

कातळसडा

वरच्या चर्चेत एक गोष्ट राहिली, ती म्हणजे कुठला डोळा प्रबळ आहे. दोन्ही हात लांब करून पंजांमध्ये छोटी त्रिकोणी फट करा, तिच्यातून दूरच्या माडाचा शेंडा धरा, मग एकेक डोळा मिटा. जो डोळा उघडा असताना शेंडा फटीत राहतो तो प्रबळ.

उजव्या हाताच्या खेळाडूचं डोकं बॅकस्विंगला (क्लब मागे-वर नेताना) उजवीकडे वळतं. बॉल नाकाच्या डाव्या बाजूला जातो. डावा डोळा प्रबळ असेल तर अडचण नाही, हनुवटी थोडी उजवीकडे वळवून सुरुवात केली तरी बॉल पूर्ण दिसतो. निक्लॉस बॅकस्विंगच्या आधी हनुवटी अशीच उजवीकडे वळवत. उजवा डोळा प्रबळ असेल आणि मान जास्त वळली तर नाकाचा उंचवटा आड येतो, बॉल क्षणभर हरवतो आणि शरीर त्याला शोधायला उठतं. अशांनी मान कमी वळवावी आणि बॅकस्विंगही थोडा आखूड, डावा हात जमिनीला समांतर होईपर्यंतच घ्यावा. "पूर्ण वळ" हा सल्ला त्यांना मारक ठरतो.

पोफळी

प्रोग्रेसिव्ह चष्मा असेल तर काय करायचं? बॉल धूसर दिसतो आणि पाय हलवला की जमीनही हलल्यासारखी वाटते.

कातळसडा

पोफळीताई, प्रोग्रेसिव्ह किंवा बायफोकलचा खालचा भाग वाचण्याच्या अंतरासाठी असतो, साधारण हातभर. बॉल तुमच्या डोळ्यांपासून दीड मीटरच्या आसपास. नजर खाली टाकली की नेमकी त्या खालच्या भागातून जाते, म्हणून धूसर. मग माणूस वरच्या भागातून बघण्यासाठी हनुवटी छातीला टेकवतो. हनुवटी तिथे अडकली की डाव्या खांद्याला तिच्याखालून जायला जागा उरत नाही. खांदा हनुवटीला ढकलतो आणि डोकं हलतं. फॅट आणि थिन दोन्ही त्यातून येतात.

उपाय एकच आणि तो सरळ आहे: खेळायला फक्त दूरच्या नंबरचा, एकाच पॉवरचा वेगळा चष्मा. स्कोअरकार्ड वाचायला दुसरा खिशात. फ्रेम उंचीला मोठी घ्या, म्हणजे नजर काठाबाहेर जात नाही. आपल्याकडच्या दमट हवेत घामाने चष्मा घसरतो आणि बॉलचं अंतर बदलल्यासारखं वाटतं, त्यामुळे मागून दोरी हवीच. गारेगार गाडीतून उतरल्यावर काचा धुकटतात. पाच-दहा मिनिटं चष्मा बाहेरच्या हवेला येऊ द्या, ओल्या काचा पुसत बसू नका.

मतलई

हनुवटीचं चष्मा नसणाऱ्यांनाही लागू आहे. मान उंच, डोळे खाली. हनुवटी आणि छाती यांच्यात मूठ बसेल एवढी जागा ठेवावी.

खारा वारा

मला "मान खाली ठेव" या सल्ल्यालाच विरोध करायचा आहे. अनिका सोरेनस्टाम आणि डेव्हिड डुव्हल या दोघांचं डोकं बॉल लागण्याच्या आधीच लक्ष्याकडे वळायला लागायचं. बॉल लागताना दोघंही बॉलकडे बघत नसत. डुव्हलने १९९९ मध्ये आणि सोरेनस्टामने २००१ मध्ये स्पर्धेत १८ होलची फेरी ५९ फटक्यांत मारली, आणि डुव्हलने २००१ ची ब्रिटिश ओपनही जिंकली. हेन्रिक स्टेन्सनचंही डोकं तसंच वळतं, त्याने २०१६ ची ओपन जिंकली. दृष्टिहीनांच्या गोल्फमध्ये सोबतचा मार्गदर्शक क्लब बॉलमागे लावून देतो, पुढचा स्विंग खेळाडू बॉल न बघताच करतो. मग नजर बॉलवर खिळवण्याचा एवढा आग्रह कशाला?

सात नंबर

खारा वारा, मुद्दा महत्त्वाचा आहे, पण त्या खेळाडूंचं डोकं *वळतं*, *उठत* नाही. कण्याचा कोन तसाच राहतो, डोकं आपल्या जागी फिरतं. नवशिक्याचं डोकं वर उठतं, त्याबरोबर कणा सरळ होतो आणि क्लब दोन सेंमी वर येतो. पाहणाऱ्याला दोन्ही सारखंच "मान उचलली" वाटतं.

उलट मान जबरदस्तीने खाली धरली की खांदे मध्येच अडतात, वजन उजव्या पायावर राहतं आणि डावी कोपर वाकते. शिवाय कंबर फिरतेय आणि मान अडलीय, याचा ताण मानेच्या तळाशी येतो. चाळिशीपुढच्यांनी तर हे टाळावंच.

माझ्या मते सूचना अशी असावी: बॉल गेल्यावर उरलेली जमीन दिसेपर्यंत नजर राहू दे, मग उजव्या खांद्याला डोकं वळवू दे. नजर बॉलमागे जाताना जमिनीला समांतर, कडेने जावी. आधी डावा डोळा वर, मग उजवा, अशी मान तिरकी फिरते. दोन्ही डोळे एकदम वर गेले तर समजा कणा उठला.

आणि स्थिर नजर निरुपयोगी आहे असं अजिबात नाही. कॅल्गरी विद्यापीठाच्या जोन व्हिकर्स यांनी १९९२ मध्ये पटिंग (होलजवळ बॉल जमिनीवरून घरंगळवणं) करणाऱ्यांच्या नजरेचा अभ्यास मांडला, त्यात चांगल्या खेळाडूंची नजर कमी ठिकाणी आणि जास्त स्थिर आढळली. पुढे या स्थिर नजरेला "क्वाएट आय" नाव पडलं. तो अभ्यास पटिंगचा आहे, आयर्नला जसाच्या तसा लावता येणार नाही. पण निघण्याआधी नजर ठरलेली असावी हे तिथूनही घेता येतं.

मतलई

त्याच्या जोडीला गाब्रिएले वुल्फ यांचं काम बघा. १९९९ मध्ये त्यांनी व सहकाऱ्यांनी नवशिक्यांना पिच शॉट (जवळून मारायचे छोटे उंच फटके) शिकवले. काहींना हातांच्या हालचालीकडे लक्ष द्यायला सांगितलं, काहींना क्लबच्या हालचालीकडे. क्लबवाले जास्त अचूक निघाले. म्हणून शिकवताना "डोकं स्थिर ठेव" ऐवजी "ते पातं बघत राहा" म्हणावं. लक्ष शरीराबाहेर जातं आणि डोकं आपोआप थांबतं.

भरती-ओहोटी

सुरूबन यांनी पुळणीचं विचारलंय, त्यावर सविस्तर लिहितो. कमानीचा तळ तपासायला ओल्या वाळूइतकी प्रामाणिक जमीन नाही. मॅटवर क्लब दोन इंच मागे आपटला तरी घसरत बॉलपर्यंत जातो आणि फटका बरा वाटतो. वाळू लपवाछपवी करत नाही.

वेळ सुकतीची घ्या. पाणी उतरल्यावर जो कडक ओला पट्टा उरतो, जिथे टाच जेमतेम अर्धा सेंमी रुतते, तो हवा. वरची कोरडी भुसभुशीत वाळू कामाची नाही; तिथे क्लब बुडतो आणि खूण ढासळते. सुकती रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी खूप आत जातं आणि पट्टा रुंद मिळतो. भांगाच्या (लहान भरती-ओहोटीच्या) दिवसांत पट्टा अरुंद, पण तेवढाही पुरतो.

काठीने लक्ष्याला काटकोनात एक मीटरभर रेषा ओढा. पाय रेषेच्या दोन्ही बाजूंना समान. बॉल नाहीच, रेषा म्हणजे बॉल. ९ नंबरचा आयर्न किंवा पिचिंग वेज (जवळच्या उंच फटक्यांचा क्लब), अर्धा स्विंग, हात कमरेपासून कमरेपर्यंत. रेषेच्या लक्ष्याकडच्या बाजूला चार बोटांवर बोटाने एक टिंब करा आणि नजर त्यावर ठेवा. स्विंगनंतर खूण बघा: वाळू रेषेवर किंवा तिच्या पुढे उडायला हवी, आणि खड्ड्याचा सर्वांत खोल भाग टिंबाच्या आसपास. रेषेच्या मागे सुरुवात झाली तर फॅट. पायाने रेषा बुजवू नका, अर्धं पाऊल सरकून तीच रेषा पुढे वापरा, म्हणजे दहा खुणा एकाखाली एक दिसतात आणि सवय डोळ्यांसमोर येते. मग टिंब पुसून नजर रेषेवरच ठेवून दहा. मग रेषेच्या मागे ठेवून दहा. तिन्ही रांगांची तुलना केली की आपल्यासाठी कुठली जागा बरी हे वादाशिवाय ठरतं.

डोकं तपासायला ऊन वापरा. सकाळी सूर्य डोंगराकडून येतो, तेव्हा तोंड समुद्राकडे करा, लक्ष्य दक्षिणेला किनाऱ्याच्या लांबीने. संध्याकाळी पाठ समुद्राकडे, लक्ष्य उत्तरेला. सावली समोर पडते. डोक्याच्या सावलीभोवती गोल काढा. नजर रेषेवरच, सावली कडेच्या नजरेत येऊ द्या. सावली डावी-उजवीकडे गोलाबाहेर गेली तर डोकं सरकलं. लांबली तर कणा उठला, आखडली तर डोकं बुडालं.

खरा बॉल किनाऱ्यावर मारू नका. माणसं, होड्या, वाळत घातलेली जाळी असतात आणि समुद्रात गेलेला बॉल परत येत नाही. फोमचा बॉल चालतो. वेळास, आंजर्ले, गुहागर अशा कासवांच्या किनाऱ्यांवर नोव्हेंबर ते मार्च भरतीरेषेच्या वरच्या कोरड्या वाळूत पाऊलही जपून टाका, घरटी तिथेच असतात. परतल्यावर क्लब गोड्या पाण्याने धुवा, खोबणीतली वाळू जुन्या दातघासणीने काढा आणि कोरडं पुसा. मीठ राहिलं तर कच्च्या स्टीलच्या वेजला दोन दिवसांत गंज चढतो, क्रोमवाल्याला ओरखड्यांतून.

पोफळी

कातळावर किंवा मळ्यात चालेल का?

भरती-ओहोटी

कातळावर आयर्न अजिबात नको. जांभ्यावर क्लबचा तळ खरवडतो आणि मनगट दुखावतं. शिवाय दुखण्याच्या भीतीने शरीर क्लब उचलायला शिकतं, ती सवय मोडायला फार वेळ जातो. मळ्यात भातकापणीनंतर, मालकाला विचारून, कुळीथ-पावटा पेरलेला नसेल तिथे. भाताचे खुंट नसलेली जागा बघा. खुंटांत नजर ठरत नाही, आजूबाजूला सारखेच शंभर ठिपके दिसतात. फेब्रुवारीनंतर माती दगडासारखी होते, तेव्हा सोडून द्या.

खारा वारा

पावसाळ्यात?

सात नंबर

जून ते सप्टेंबर जमीन मऊ असते, तेव्हा एक सेंमी मागे लागलं तरी क्लब मातीत थांबतो. ९ ची नजर या दिवसांत सगळ्यात उपयोगी. बॉल अर्धा बॉल उजवीकडे घ्या आणि एक पायरी लांबचा क्लब (७ ऐवजी ६) घेऊन हलका मारा. खोबणीत पाणी राहिलं की फिरकी कमी होते आणि बॉल उतरल्यावर थांबत नाही, म्हणून प्रत्येक फटक्याआधी क्लबचा चेहरा पुसा. पांढरा बॉल ओल्या गवतात चमकतो आणि कड दिसत नाही. पिवळ्या बॉलची कड ठळक दिसते. मार्करने ९ च्या जागी बारीक रेघ ओढली तर नजरेला टेकायला जागा मिळते.

सुरूबन

फोनवर चित्रण करून क्लब आधी बॉलला लागला की मातीला, हे कळेल का?

कातळसडा

थेट नाही. सेकंदाला २४० फ्रेम घेतल्या तर दोन चित्रांत ४ मिलिसेकंदांहून थोडा जास्त वेळ जातो. क्लब सेकंदाला ३५ मीटरने येत असेल तर तेवढ्यात तो जवळजवळ १५ सेंमी पुढे जातो. आधी काय लागलं ते त्या फटीत हरवतं. चित्रण डोक्यासाठी वापरा: फोन समोरून, हातांच्या उंचीला, आणि मागे सुरूचं खोड किंवा खांब असा उभा आधार घ्या, म्हणजे डोकं किती सरकलं ते मोजता येतं. मातीचं उत्तर वाळूतच बघा. आणि बॉल क्लबवर कुठे लागला हे पाहायला क्लबच्या चेहऱ्यावर टाल्कम पावडरचा पातळ हात फिरवा. ठसा क्लबच्या टाचेकडे (दांड्याकडे) सरकत असेल तर ९ आणि ४ चा विचार थांबवून आधी उभं राहण्याचं अंतर तपासा.